ईशान हलकट हाय, पण आमचा हाय

सौ. नम्रता ताईस, मुक्काम खालापूर.

कशेळ्यावरून जग्याचा नमस्कार. दोन्ही हात जोडलेत, पण रागात जोडलेत, हे आधीच सांगून ठेवतो. तुझी तब्येत बरी असेल. भावोजींच्या पाठीला आराम पडला असेल. तुझ्या वाचनालयाचं छप्पर गळत असेल (त्याला आराम पडायचा नाय). इकडं लावणी उरकली, श्रावण लागला, कोंबड्या मजेत हायत कारण महिनाभर त्यांना कुणी हात लावत नाय. घरात सगळे खुशाल, फक्त मी सोडून. माझं डोकं गेल्या शुक्रवारपासून तापलंय आणि त्याला कारण तू हायस.

खिशात फोन असताना हा कागद का खराब करतोय, असं तुला वाटेल. तर फोन खिशात नाय. तो आईच्या तांदळाच्या पिंपात हाय, पिंपावर झाकण, झाकणावर पाटा, आणि पाट्यावर आईची नजर. रोज दुपारी दोनला तो बाहेर निघतो आणि चारला परत तांदळात जातो. ह्याच्यात माझा थोडा गुन्हा हाय, तो पुढं येईलच. म्हणून हे पत्र सुनील जीपवाल्याच्या हाती कर्जतला देतोय, तिथनं त्याचा मेव्हणा खोपोलीच्या गाडीवर असतो, तो तुला आणून देईल. त्याला चहा पाज. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नको.

आता तुझ्या मेसेजचं. मी एवढ्या मायेनं तुला गोष्टीची लिंक पाठवली. तू दोन भाग वाचलेस आणि लिहिलंस, जगदीश (रागावली की जगदीश, एरवी जग्या), हे कसलं घाण वाचतोस. दोन पोरं एकमेकांवर प्रेम करतात इथवर ठीक, पण एक दुसऱ्याला वेडा ठरवतोय, दुधात पावडर घालतोय, बंगल्यात कोंडतोय. तुमच्या लोकांबद्दल आधीच गैरसमज, त्यात असल्या गोष्टी. काहीतरी छान, आशा देणारं वाच. आणि खाली एक फूल. ताई, बाकीचं मी गिळलं असतं, पण ते फूल मला लई लागलं. मागल्या वर्षी तुझ्या घरामागच्या पेरूखाली मी तुला एकटीला सांगितलं की माझा जीव पोरींवर नाय, पोरांवर जातो, तेव्हा तू शहाण्यासारखी वागलीस. रडली नायस, देवाचं नाव घेतलं नायस, आत जाऊन पाणी आणलंस. आणि आता 'तुमचे लोक'? मी कशेळ्याचा, तू कशेळ्याची. आपले लोक एकच, आणि सगळेच आगाऊ.

बरं, छान वाच म्हणतेस, तर तुझं छान मी वाचलंय. गणपतीत तू दोन पुस्तकं दिली होतीस. (दुसऱ्याचा पुठ्ठा शेळीनं खाल्ला. ते मी तुला सांगणार नव्हतो.) पहिल्यात तो पोरगा शेवटी मरतो. दुसऱ्यात मरत नाय, पण दोनशे पानं सगळ्यांना समजावत फिरतो की मी वाईट नाय, मी वाईट नाय. आईला समजावतो, बापाला, मास्तरला, डॉक्टरला, एका रिक्षावाल्याला पण. इतका गुणी की मलाच त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. बारावीला दोनदा नापास झालेला, शेजाऱ्याच्या बैलाच्या शिंगांना गुलाबी रंग लावणारा माझ्यासारखा पोरगा त्या पुस्तकात कुठं बसणार? आमच्यातल्यानं जगायचं तर आधी पहिला नंबर काढायचा, असा काय नियम हाय काय?

आणि ह्या गोष्टीत बघ. ईशानला मी वाचलेल्या अख्ख्या पंचवीस भागांत कुणी विचारत नाय की बाबा, तुला पोरगा का आवडतो. विचारतात ते एवढंच, की दुधात काय घातलंस. ताई, हे वाचताना मला किती हलकं वाटलं ते तुला नाय कळायचं. जसं गावात सगळे तुझ्याकडं टक लावून बघतायत आणि अचानक कुणाच्या तरी गोठ्याला आग लागली. नवरा-बायकोच्या गोष्टीत नवरे हलकट असतात, बायका कपटी असतात, सासवा विष कालवतात, रोज साडेसातला टीव्हीवर तेच चालतं, तेव्हा कुणी म्हणत नाय की लग्नाबद्दल लोकांचे गैरसमज होतील. आमाला मात्र एकपण हलकट माणूस ठेवायची परवानगी नाय. ईशान हलकट हाय, कबूल. पण आमचा हाय.

तू दोनच भाग वाचून पळालीस म्हणून पुढचं थोडक्यात. डोंगरातल्या बंगल्यात दोघं राहतात, गंधार आणि ईशान. गंधार चित्रं काढतो, ईशानचा त्याच्यावर जीव, पण असा जीव की त्याला दुसऱ्या कुणाचं होऊच द्यायचं नाय. म्हणून तो घरातल्या वस्तू रोज वीतभर सरकवतो. आज चष्मा, उद्या ब्रश, परवा दाराची किल्ली. आणि गंधारनं विचारलं की गोड आवाजात म्हणतो, अरे, तूच ठेवलीस, तुझ्या लक्षात राहत नाय हल्ली. बस. मारझोड नाय, रक्त नाय. आणि तरी अंगावर काटा येतो.

आता ही गोष्ट आईपर्यंत कशी गेली ते. तुला म्हायती हायच, आई, कोंडी काकू आणि चिंधी आजीचा बचत गट नेरळच्या नव्या सोसायट्यांना सोललेलं बिरडं पुरवतो. श्रावणात मागणी एवढी की दुपारभर तिघी ओटीवर परातीला चिकटून. मोड आलेला वाल कोमट पाण्यातनं काढायचा, चिमटीत दाबायचा, की साल हातात आणि दाणा ताटात. दाणा अख्खा पाहिजे, फुटून डाळ्या झाल्या की सोसायटीवाल्या घेत नाय. काम असं कंटाळवाणं की तिघी दिवसाला तीनदा भांडायच्या. एक दिवस आई म्हणाली, नुसता फोनमध्ये तोंड घालून बसतोस, आमाला तरी वाच काय हाय त्यात. मी खोडी म्हणून वाचलं. म्हटलं, दुसऱ्या पानावर दोघं पोरं एका पांघरुणात दिसतील, तिघी 'शी' म्हणून उठतील, मला सुट्टी.

कुणी उठलं नाय. चिंधी आजी एवढंच म्हणाली, की तिच्या माहेरी पण दोन गडी असेच राहायचे, एकच शेत कसायचे, एकच चूल, आणि त्यांचं लोणचं चांगलं असायचं. मंग म्हणाली, पुढं वाच. माझी खोडी फुकट. तिसऱ्या दिवसापासून माझ्यावाचून वाल सोलेना. दुधाच्या भागाला तर असं झालं की एका दुपारी सव्वा किलो दाणा फुटला. गोष्ट किती भारी ते आता फुटलेल्या डाळीवरनं कळतं. (त्या आठवड्यात आमी रोज डाळीची आमटी खाल्ली. बाबा कर्जतच्या गोडाऊनमधनं दमून येतात, त्यांनी विचारलं, बिरड्याचा धंदा करता की डाळीचा. आईनं त्यांना अजून एक डाव आमटी वाढली.)

आता माझा गुन्हा. मी सकाळी गुपचूप पुढचे भाग वाचायचो आणि बाया एकेकट्या गाठून शेवट विकायचो. म्हंजे पैसे नाय गं. कोंडी काकूकडनं घावने, आजीकडनं तिच्या डब्यातला गूळ, आईकडनं विहिरीवर जाण्यातनं सूट. पण खरा शेवट मला तरी कुठं ठाव, शेवटचे दोन भाग माझ्या फोनवर उघडतच नाय. मंग मी बनवले. काकूला सांगितलं, गंधार मरतो. आजीला सांगितलं, ईशान मरतो. आईला सांगितलं, हे सगळं त्यांच्या कुत्र्याचं काम हाय. शनिवारी परातीवर तिघींनी एकमेकींना सांगितलं. ताई, आजीनं मला वालाची ओली सालं भरलेलं पातेलं मारलं. त्या दिवसापासून फोन तांदळात.

हसलीस ना? आता हसू नको, कारण कोंडी काकूचं हसण्यासारखं नाय. नवव्या भागात ईशान म्हणतो ना, तुझ्या लक्षात राहत नाय, तेव्हा काकूचा हात थांबला. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. ती हात पुसून उठली आणि घरी गेली. नामा काका वीस वर्षं तिला हेच ऐकवतोय. कपाटाची किल्ली तू हरवलीस. मी असं बोललोच नव्हतो. तिनं त्याला एकदा बाजारात भलत्या बाईच्या गाडीवर बघितलं, तर यानं गावभर केलं की कोंडीच्या डोक्यात फरक पडलाय, आणि आपण सगळ्यांनी मान डोलावली. मी पण डोलावली, तिला 'येडी काकू' म्हणून चिडवलंय मी. आता तिनं नातवाची एक वही घेतलीय. काका काय बोलला, कुठल्या दिवशी बोलला, सगळं लिहिते, आणि तो फिरला की पान काढून वाचून दाखवते. काका मला मारायला काठी घेऊन आला होता. म्हणाला, बंद कर तुझी गोष्ट, माझं घर बिघडवलंस. मी म्हटलं, काका, मी असं कधी वाचलंच नाय, तुमच्या लक्षात राहत नाय हल्ली. (पळालो तो थेट पुलापर्यंत.)

सांग आता, तुझ्या आशा देणाऱ्या पुस्तकानं काकूला वही दिली असती काय?

आणि मला काय आवडतं त्यात, ते पण ऐक, एकदाच लिहितो. गंधार जसा जिन्यावरची पावलं ऐकतो, कोण आलं, कुठल्या मूडमध्ये आलं, आपल्या तोंडावर काय दिसतंय, हे जसं मोजत राहतो, तसं मी नववीपासून करतोय. कबड्डीत कुणाचा हात जरा जास्त धरला का. हसताना आवाज बारीक झाला का. लग्नात नाचताना कुणी बघितलं का. माझ्या खोड्या कशासाठी हायत असं तुला वाटतं? सगळे हसत असले की नीट कुणी बघत नाय. तुमाला ती भीतीची गोष्ट वाटते, मला ती पहिली गोष्ट वाटली ज्यात मला काय होतं ते कुणीतरी बरोबर लिहिलं. आणि मजा ही की पुस्तकातली भीती आपण मिटून तांदळात ठेवू शकतो.

आता रागाचं खरं मूळ. येत्या रविवारी तुझ्या सासरकडच्या त्या ऋतिकाला बघायला आमी खालापूरला येणार होतो, पण तिचेच लोक म्हणाले आधी घर बघू, म्हणून ते इकडं येतायत. श्रावणात बघून घ्यायचं, तुळशीच्या लग्नानंतर उरकायचं, असं आईचं ठरलंय. मला कुणी विचारलं नाय. मी पण 'नाय' म्हणलो नाय. मी तीन वेळा आईसमोर तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा जांभई दिली.

म्हणून मी काल सतराव्या भागाची वाट बघत होतो. त्यात गंधारची आई न सांगता बंगल्यावर येते. एकच पलंग बघते, दोन कप बघते, काय बोलत नाय. त्याचे शर्ट घड्या करून ठेवते आणि जाताना म्हणते, भात नीट खात जा. बस एवढंच, पण सगळं कळल्यासारखं. आणि ती गेल्यावर ईशान गंधारला म्हणतो, कुठली आई? कुणी आलंच नव्हतं. तुला भास झाला. ताई, मी वाचताना फोनकडं कमी आणि आईच्या हातांकडं जास्त बघत होतो. मला वाटलं, इथं तिला कळेल. इथं ती माझ्याकडं बघेल. तिच्या चिमटीतला दाणा तसाच राहिला, सोलला पण नाय, फुटला पण नाय. डोळ्यांतनं पाणी. म्हणाली, "आई येऊन गेली, तेवढं पण खोटं पाडलंन मेल्यानं. त्या लेकराला एवढं तरी ठेवायचं होतं."

मी म्हटलं, आता बोलतो. तोंड उघडलं. तर पदरानं नाक पुसून माझी आई म्हणते, "रविवारी निळा शर्ट घाल, तो तुला उजळ दिसतो."

म्हंजे पुस्तकातल्या पोरासाठी रडायचं आणि घरातल्या पोरासाठी पोरगी बघायची. मला इतका संताप आला की मी सालांची टोपली घेऊन उकिरड्यावर गेलो आणि तिथं टोपलीलाच शिव्या दिल्या. मी त्या गंधारचा नातेवाईक नाय काय? त्याच्या आईला जे एका फेरीत दिसलं ते माझ्या आईला तेवीस वर्षांत दिसत नाय?

आणि ऋतिकाचं पण बघ ना. फोटोत चांगली दिसते, नर्सिंग करते, तिनं माझं काय वाकडं केलंय? समजा केलं लग्न. मंग ती रोज विचारणार, तुमचं माझ्यावर मन नाय काय. आणि मी रोज गोड आवाजात म्हणणार, असं काय नाय, तुलाच भास होतो. मंग ईशानमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला? तो निदान प्रेमानं करत होता. पुस्तकातला हलकट मला चालतो. आपल्या ओटीवरचा नाय चालणार, आणि तो मीच असलो तर अजिबात नाय.

म्हणून तुझं ते फूल परत घे. पोरांना आणि भावोजींना माझा नमस्कार. उत्तर कागदावरच पाठव, फोनवर पाठवलंस तर तांदूळ वाचतील.

तुझा संतापलेला,
जग्या

ता. क. शेवटचे दोन भाग तुझ्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उघडतात का बघ आणि छापून पाठव. बाया म्हणतायत, शेवट मिळाला नाय तर माझाच करतील.

ता. क. दुसरा. शनिवारी ये. पत्र ह्याच्यासाठीच लिहिलंय, वरचं सगळं ते लिहायचा धीर होईपर्यंत लिहिलं. मी आईला शनिवारी संध्याकाळच्या आत सांगणार हाय, रविवारचे लोक यायच्या आधी. तू काय बोलू नको, नुसती बाजूला बस. मी जांभई दिली तर चिमटा काढ. आई उठून गेली तर मला एकट्याला ओटीवर सोडू नको.

ता. क. तिसरा. दुसरा ता. क. वाचू नको. मी गंमत केली. लग्न करतो, काय व्हायचंय. सुनीलची जीप हॉर्न मारतेय, चिकटवायला भाताची खळ नाय, ती बघायला चाललोय.

नम्रता, हे खालचं मी, ह्याची आई भागूबाई, लिहितेय. चौथी शिकलेय, अक्षर सांभाळून घे. हा खळ करायला चुलीकडं गेला आणि कागद ओटीवर ठेवून गेला. घाईत लिहिते. ऋतिकाच्या घरी मी सोमवारीच निरोप धाडला की आमचं जमत नाय, पोरगी गुणाची हाय, तिला दुसरं बघा. रविवारी कुणी येत नाय. ह्याला सांगितलं नाय. तो दहावीत असल्यापासून मी थांबलेय, की हा आज बोलेल, उद्या बोलेल. रविवारचं लावून धरलं, की निदान चिडून तरी बोलेल. पण तो नुसता जांभया देतो. त्याच्या बाबाला मी सांगितलंय. दोन दिवस जेवला नाय, तिसऱ्या दिवशी ताट मागून घेतलं, आणि काल विचारत होता पोरगा जेवला का. ये तू शनिवारी. तो बोलला की मी म्हणेन, अरे देवा, मला तर काहीच ठाव नव्हतं. त्याला वाटू दे की त्यानं पहिल्यांदा सांगितलं. तू पण चेहरा तसाच ठेव.